भावनेचे संबोधन : बायबलमधील क्रोध, शोक आणि ख्रिस्ती नीतिविचार

१

बायबलमधील मानवी भावनांचा विचार ख्रिस्ती नीतिचर्चेत बहुधा परवानगीच्या भाषेत होत आला आहे. ख्रिस्ती माणसाने रागवावे काय? पुनरुत्थानावर विश्वास असणाऱ्याने मृतासाठी शोक करावा काय, आणि केल्यास किती? भय वाटणे हे अविश्वासाचे लक्षण मानावे काय? प्रश्न अशा रीतीने मांडले, की उत्तरेही दोन ठरावीक वळणांनी जातात. एका वळणाची भूमिका निग्रहाची आहे. तीनुसार भावना ही पतित मनुष्यस्वभावाची खूण असून श्रद्धा जसजशी परिपक्व होते, तसतशी ती शांत व्हावयास हवी. दुसरे वळण अलीकडचे आहे. त्यानुसार भावना नैसर्गिक असल्यामुळे तिला नैतिक कसोटीच लागू होत नाही. ती मोकळी करणे एवढेच आरोग्यदायी होय. या दोन्ही भूमिका एकमेकींच्या विरोधी दिसत असल्या तरी त्यांचे एक गृहीत समान आहे. भावना ही व्यक्तीच्या आत घडणारी, तिची एकटीची अवस्था आहे, असे दोन्हीही मानतात. मग ती अवस्था दाबावयाची की मोकळी करावयाची, एवढाच वाद उरतो.

बायबलच्या संहितेकडे संहिता म्हणून पाहिले, म्हणजे कोण बोलतो, कोणाला उद्देशून बोलतो, कोण गप्प राहतो आणि त्या गप्प राहण्याचे पुढे काय होते हे तपासले, तर हे गृहीतच टिकत नाही असे दिसते. बायबलमध्ये भावनेचा नैतिक निवाडा ती कोणती आहे यावर क्वचितच होतो. ती कोणाला सांगितली गेली, यावर तो अधिक वेळा होतो. ज्या क्रोधाला आणि शोकाला कोणी ऐकणारा आहे आणि ज्याने तो गमावला आहे किंवा ज्याच्यापासून तो हिरावला गेला आहे, यांतील भेद या ग्रंथात सतत जाणवतो. या भेदाच्या आधारे ख्रिस्ती वाचकाने बायबलमधील भावना कशा समजून घ्याव्यात, या प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

२

आरंभी शब्दांकडे पाहणे इष्ट ठरेल. 'भावना' या नावाने ज्या सर्व अवस्था आज एकत्र केल्या जातात, त्या सर्वांना कवेत घेणारा एकही शब्द जुन्या कराराच्या हिब्रू भाषेत नाही. 'लेव' म्हणजे हृदय. परंतु हे हृदय केवळ हळवे होत नाही, ते विचार करते, बेत आखते, निर्णय घेते. बुद्धी आणि भावना यांची जी फाळणी ग्रीक तत्त्वचिंतनातून पुढे पाश्चात्त्य परंपरेत रुजली, ती या शब्दाला ठाऊक नाही. क्रोधासाठी येणारा 'अफ' हा शब्द मुळात नाकाचा वाचक आहे. ईश्वर मंदक्रोध आहे असे निर्गमाच्या ३४ व्या अध्यायात म्हटले जाते, तेव्हा शब्दशः त्याच्या नाकपुड्या लांब आहेत असे म्हटलेले असते. ज्या भाषेत तापट माणसाच्या नाकाच्या शेंड्यावर राग बसलेला असतो, त्या मराठीला ही कल्पना परकी वाटू नये. करुणेसाठीचा 'रहमीम' हा शब्द 'रेहेम' म्हणजे गर्भाशय या शब्दाशी जोडलेला आहे. नव्या करारात येशूच्या करुणेसाठी जे ग्रीक क्रियापद येते, त्याच्या मुळाशी आतडी आहेत. मराठी बायबलमध्ये त्या जागी 'कळवळा' हा शब्द रुळला आहे आणि तो योग्यच आहे. मात्र 'आतडे तुटणे', 'पोटात कालवणे' या बोलीतील प्रयोगांत मूळ क्रियापदाचे शरीर अधिक उरलेले आहे.

या शब्दसृष्टीचा नैतिक अर्थ स्पष्ट आहे. भावना येथे शरीराची घटना आहे, आणि शरीर हे दुसऱ्यांना दिसणारे, दुसऱ्यांमध्ये वावरणारे असल्यामुळे ती आरंभापासूनच दुसऱ्यांच्या समोर घडते. तिला आतल्या आत ठेवावयाची कोठडी या भाषेने बांधलेली नाही. ईश्वरालाही या शब्दसृष्टीतून सूट मिळालेली नाही. उत्पत्तीच्या ६ व्या अध्यायात मनुष्य निर्माण केल्याचा त्याला अनुताप होतो आणि त्याच्या हृदयाला क्लेश होतात. पहिल्या शमुवेलाच्या १५ व्या अध्यायात तर शौलाला राजा केल्याचा ईश्वराला पस्तावा झाला असे दोनदा सांगितले जाते, आणि या दोन विधानांच्या मध्ये, तेच क्रियापद वापरून, ईश्वर मनुष्याप्रमाणे पस्तावणारा नाही असेही शमुवेल बजावतो. संकलनकर्त्यांनी ही विसंगती मिटवली नाही. ईश्वर निर्विकार की सविकार, हा पुढील शतकांचा वाद या एका अध्यायात दोन्ही बाजूंनी अनिर्णित ठेवलेला आहे.

३

हा वाद मिटवण्याची घाई मात्र फार लवकर सुरू झाली, आणि तिच्या खुणा शुभवर्तमानांतच सापडतात. मार्काचे शुभवर्तमान सर्वांत आधीचे आणि मत्तय व लूक यांनी ते समोर ठेवून लिहिले, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. हे मान्य केल्यास पुढील तुलना बोलकी ठरते. मार्काच्या ३ ऱ्या अध्यायात, शब्बाथ दिवशी वाळलेल्या हाताच्या माणसाला बरे करण्यापूर्वी येशू भोवतालच्या लोकांकडे रागाने पाहतो व त्यांच्या कठोरपणाने खिन्न होतो. मत्तयाने हा प्रसंग घेतला आहे, राग घेतलेला नाही. लूकाच्या प्रचलित पाठातही तो नाही. मार्काच्या १० व्या अध्यायात बालकांना अडवणाऱ्या शिष्यांवर येशू संतापतो, आणि पुढे आलेल्या श्रीमंत माणसाकडे पाहून त्याला त्याच्याविषयी प्रेम वाटते. इतर दोघांच्या कथनात संतापही नाही, प्रेमही नाही. गेथशेमाने बागेत मार्काचा येशू भयचकित होतो. मत्तयाने त्या जागी दुःखवाचक क्रियापद योजले. लूकाच्या २२ व्या अध्यायातील रक्ताच्या थेंबांसारख्या घामाचा उल्लेख काही प्राचीन हस्तलिखितांत आढळतच नाही.

सर्वांत उद्‍बोधक उदाहरण मार्काच्या पहिल्या अध्यायातील कुष्ठरोग्याचे आहे. बहुतेक हस्तलिखितांनुसार येशूला त्याचा कळवळा येतो. 'कोडेक्स बेझे' या हस्तलिखितात मात्र त्याला राग येतो. कळवळ्याचा राग कोणी लेखनिक का करील, याचे कारण सांगणे कठीण. रागाचा कळवळा का करील, हे सहज समजते. म्हणून अवघड पाठ हाच मूळचा असावा, असे काही पाठचिकित्सक मानतात. निर्णय काहीही असो, लेखनिकांपुढचा पेच उघड आहे. देवपुत्राच्या क्रोधाचे काय करावयाचे, हे त्यांना उमगत नव्हते. लाजाराच्या कबरेपाशी येशूने ढाळलेले अश्रू सर्वांना ठाऊक आहेत. त्याच प्रसंगात योहानाने त्याच्यासाठी वापरलेले दुसरे क्रियापद, जे ग्रीकमध्ये घोड्याच्या रागीट फुरफुरण्यालाही लावले जाई, ते बहुतेक भाषांतरांत 'विव्हळ होणे' असे सौम्य होऊन बसले. अश्रू पचले, फुरफुरणे पचले नाही.

या सौम्यीकरणामागे स्टोइक तत्त्वज्ञांचा विकारशून्यतेचा आदर्श होता, आणि अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटसारख्या आरंभीच्या ख्रिस्ती विचारवंतांवर त्याची दाट छाया होती. सहाव्या शतकात ग्रेगरीने सिद्ध केलेल्या प्रमुख दुर्गुणांच्या यादीत क्रोध आणि खिन्नता ही दोन्ही बसली. तथापि परंपरा एकसुरी नव्हती. ऑगस्टीनने 'ईश्वराचे नगर' या ग्रंथाच्या १४ व्या खंडात स्टोइकांचा प्रतिवाद केला. ख्रिस्ताच्या भावना खऱ्या होत्या. भावनेचा बरेवाईटपणा ज्या प्रेमातून ती उगवते त्यावर ठरतो. आणि या जीवनात पूर्ण विकारशून्य असणे ही पूर्णता नसून जडता होय, असे त्याचे म्हणणे. मात्र त्याच ऑगस्टीनने इ.स. ३८७ मध्ये ओस्तिया येथे आईच्या मृत्युशय्येशी आपले अश्रू बळाने आवरले होते. त्याचा मुलगा अदेओदातुस मोठ्याने रडू लागला, तेव्हा सर्वांनी त्याला गप्प केले. 'कबुलीजबाब' या ग्रंथाच्या ९ व्या खंडात ही हकिकत सांगताना ऑगस्टीन लिहितो, की पुढे एकांतात, ईश्वरासमोर, त्याने ते अश्रू वाहू दिले. सिद्धान्तातील ऑगस्टीनपेक्षा हा प्रसंगातील ऑगस्टीन बायबलच्या अधिक जवळचा आहे. रडावे की न रडावे हा त्याचा प्रश्न रडून सुटला नाही. कोणासमोर रडावयाचे हे सापडले, तेव्हा सुटला.

४

कोणासमोर, हा प्रश्न बायबलमधील क्रोधाच्या अगदी पहिल्या कथेतच उपस्थित होतो. उत्पत्तीच्या ४ थ्या अध्यायात काइनाचे अर्पण स्वीकारले जात नाही आणि तो अत्यंत संतापतो. ईश्वर त्याला शासन करीत नाही, रागावू नकोस असेही म्हणत नाही. तो विचारतो, की तू का संतापलास? पाप हा शब्द बायबलमध्ये प्रथम येथे येतो; परंतु तो क्रोधाला उद्देशून आलेला नाही. पाप दाराशी टपून आहे, म्हणजे ते अजून बाहेर आहे. कथेतील निर्णायक गोष्ट अशी, की काइन या प्रश्नाला उत्तरच देत नाही. त्यानंतर तो भावाशी बोलतो असे हिब्रू संहिता म्हणते. काय बोलतो ते मात्र त्या संहितेत नाही. सेप्टुअजिंट या ग्रीक भाषांतराने आणि शोमरोनी संहितेने शेतात जाण्याचे निमंत्रण घालून ती रिकामी जागा भरली आहे. पाठचिकित्सा तिला त्रुटी म्हणेल आणि कदाचित ती त्रुटीच असेल. परंतु आज हाती असलेल्या हिब्रू पाठात वाक्याला कर्म नाही आणि पुढच्याच वाक्यात खून आहे. ज्या क्रोधाला ईश्वराने बोलण्याची संधी दिली होती, तो न बोलताच कृतीत उतरला.

दुसऱ्या शमुवेलाच्या १३ व्या अध्यायात हीच रचना अधिक भयावह रूपात आढळते. दावीदाची कन्या तामार हिच्यावर सावत्र भाऊ अम्नोन बलात्कार करतो. ती अम्नोनाशी आधी बोलते, विनवते, युक्तिवाद करते, अत्याचारानंतरही बोलते, मग डोक्यावर राख घालून, अंगावरचे वस्त्र फाडून, मोठ्याने आक्रोश करीत निघते. तिच्या शोकाला या क्षणी शब्दही आहेत आणि रूपही आहे. पण सख्खा भाऊ अबशालोम तिला गप्प राहावयास आणि ही गोष्ट मनास लावून न घ्यावयास सांगतो. यानंतर तामारेचा एकही शब्द संहितेत नाही. ती भावाच्या घरी उद्ध्वस्त होऊन राहिली, एवढेच निवेदक नोंदवतो. राजा दावीद फार संतापतो, पण तो अम्नोनाला काही बोलल्याचे हिब्रू संहिता सांगत नाही. अबशालोम अम्नोनाचा द्वेष करतो आणि त्याच्याशी बरेवाईट काहीच बोलत नाही. तीन मौने येथे एकावर एक रचलेली आहेत: लादलेले, कचखाऊ आणि दबा धरलेले. दोन वर्षांनी अम्नोनाचा खून होतो, काही वर्षांनी अबशालोमाचे बंड होते, आणि अखेर बोलण्याची पाळी दावीदावर येते, तेव्हा मेलेल्या मुलाला हाका मारण्याखेरीज त्याच्यापाशी शब्द उरलेले नसतात.

या कथांवर भाष्य करणारा नियम लेवीयाच्या १९ व्या अध्यायात आहे. भावाचा द्वेष मनात धरू नये, त्याची उघड कानउघाडणी करावी, सूड घेऊ नये, शेजाऱ्यावर प्रीती करावी, असा तो क्रम आहे. द्वेषाच्या विरुद्ध पहिली गोष्ट येथे प्रीती नाही, बोलणे आहे. प्रीती बोलण्याच्या नंतर येते. ख्रिस्ती उपदेशात हा मधला टप्पा वारंवार गाळला जातो आणि दुखावलेल्या माणसाकडून एकदम प्रीतीची मागणी केली जाते.

५

ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, तो ईश्वरच असेल तर? ईयोबाचे पुस्तक या प्रश्नाभोवती उभे आहे. ३ ऱ्या अध्यायापासून ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, ईश्वरावर अन्यायाचा आरोप करतो, त्याला न्यायासनासमोर बोलावतो. त्याचे मित्र ईश्वराच्या न्यायाचे समर्थन करतात, आणि त्यांची पुष्कळशी विधाने सुटी काढल्यास धर्मदृष्ट्या निर्दोष ठरतील. असे असता ४२ व्या अध्यायात ईश्वर अलीफजाला सांगतो, की तुम्ही ईयोबाप्रमाणे यथार्थ बोलला नाहीत. हे विधान वाचकाला नेहमीच चकित करीत आले आहे. त्यातील एका शब्दाकडे काही अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. 'माझ्याविषयी' असे ज्याचे भाषांतर होते, तो 'एलाय' हा शब्द 'माझ्याकडे, मला उद्देशून' असाही अर्थ देतो. ईश्वर अलीफजाशी बोलला असे त्याच वचनाच्या आरंभी सांगताना हेच शब्दयोगी अव्यय आले आहे. हा अर्थ घेतल्यास निवाडा उलगडतो. मित्र अखेरपर्यंत ईश्वराविषयी बोलले. एकदाही त्याच्याशी बोलले नाहीत. ईयोब चुकला, भडकला, अतिशयोक्ती करीत राहिला, पण पुनःपुन्हा मित्रांकडे पाठ फिरवून ईश्वराकडे वळला. व्याकरणाने हा अर्थ सिद्ध होतो असे म्हणता येणार नाही. कथनाची रचना मात्र त्याला भक्कम आधार देते.

यिर्मया यापुढे एक पाऊल जातो. २० व्या अध्यायात, ईश्वराने आपल्याला फसवले, असे तो ईश्वरालाच सुनावतो. १३ व्या वचनात तो स्तुती करतो आणि लगेच १४ व्या वचनात आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. शापाकडून स्तुतीकडे असा क्रम असता, तर भाविक वाचकाची सोय झाली असती. संहिता ती सोय करीत नाही. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. त्यांतील बहुतेक शेवटी विश्वासाकडे वळतात. ८८ वे वळत नाही, ते काळोखाच्या उल्लेखापाशी संपते. तरीही ती प्रार्थना आहे, कारण तिच्यातील क्रियापदे द्वितीय पुरुषी आहेत. आशा आशयात नाही, व्याकरणात आहे.

ही अभिव्यक्ती म्हणजे भावनेचा अनावर उद्रेक, असाही समज होऊ नये. विलापगीतातील पाच कवितांपैकी पहिल्या चार हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांवर बांधलेल्या आहेत; तिसरीत तर प्रत्येक अक्षराला तीन ओळी येतात. नगर जळाले, मंदिर पडले, मुले उपासमारीने मेली, आणि कवी अक्षरांच्या क्रमाने चालतो. पाचव्या कवितेत बावीस वचने आहेत पण अक्षरबंध सुटलेला आहे. शोकाला आदी आणि अंत देणारी ही चौकट शोक कमी करीत नाही. तो दुसऱ्याच्या तोंडी देण्याजोगा करते.

भारतीय साहित्यविचाराशी परिचित असलेल्या वाचकाला येथे साधारणीकरणाची आठवण होणे स्वाभाविक आहे. क्रौंचवधाच्या कथेत शोकाचा श्लोक झाला. अभिनवगुप्ताच्या विवेचनानुसार तो शोक व्यक्तिसंबंधातून सुटलेला असल्यामुळेच आस्वाद्य झाला. स्तोत्रांचा मार्ग निराळा आहे. तेथे भावना व्यक्तिसंबंधातून सुटत नाही. 'मी' आणि 'तू' यांच्यातील ताण अखेरपर्यंत कायम राहतो. साधारण होते ती त्या 'मी'ची जागा. शत्रूंची नावे स्तोत्रांत सहसा नाहीत. आहेत ते सिंह, जाळे, खड्डा, चढणारे पाणी. या अनामिकतेमुळे कोणीही पीडित त्या 'मी'मध्ये शिरून बोलू शकतो. रसिक होऊन आस्वाद घेण्यापेक्षा भागीदार होऊन उच्चार करणे हे या काव्याचे प्रयोजन आहे. मराठी वाचकाला याची जवळची ओळख विठ्ठलाशी भांडणाऱ्या नामदेव, जनाबाई, तुकाराम यांच्या अभंगांतून आहे. तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो असे नारायण वामन टिळक सांगत, त्यामागे ही ओळख निश्चितच असणार. भेद एवढाच, की अभंगातील भांडण जिव्हाळ्याच्या अधिकाराने होते, तर स्तोत्रातील तक्रार कराराच्या. ईश्वराने वचन दिले आहे, म्हणून त्याला जाब विचारता येतो.

६

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो. ईश्वराला उद्देशून बोलल्याने द्वेष पवित्र होतो काय? १३७ वे स्तोत्र बाबेलच्या बंदिवासातील स्मृतीने आरंभते आणि शत्रूंची अर्भके खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणून संपते. संबोधनाचे तत्त्व येथे लटके पडते असे वाटेल. परंतु हे स्तोत्र नीट वाचले तर त्यात संबोधन बदलत जाते असे दिसते. ५ व्या व ६ व्या वचनांत कवी यरुशलेमेशी बोलतो. ७ व्यात तो अदोमाचे कृत्य आठवण्याची ईश्वराला विनंती करतो. ८ व्या व ९ व्या वचनांत तो ईश्वराकडून वळून थेट बाबेलकन्येशी बोलू लागतो, आणि ते भयंकर वाक्य या वळणानंतरचे आहे. ईश्वर जोवर श्रोता होता, तोवर मागणी स्मरणाची होती. श्रोता बदलला आणि अर्भके आली. हे निरीक्षण आक्षेपाचे पूर्ण निरसन करीत नाही. १०९ व्या स्तोत्रातील शाप ईश्वराच्याच कानी घातलेले आहेत आणि तेही कमी कठोर नाहीत.

१९७१ साली कॅथलिक चर्चने सुधारलेल्या दैनिक प्रार्थनाविधीतून ५८, ८३ व १०९ ही स्तोत्रे संपूर्ण आणि १३७ व्याची अखेरची वचने वगळली. या निर्णयामागचा संकोच समजण्यासारखा आहे. ज्यांच्या हाती सत्ता आली, त्यांनी पराभूतांचे शाप उच्चारले तर त्यांचे शस्त्र होते, आणि ख्रिस्ती इतिहासात ते तसे झाले आहे. परंतु वगळण्यानेही काही हरवते. सी. एस. लुइस यांनी १९५८ सालच्या स्तोत्रांवरील पुस्तकात म्हटले होते, की माणसाला छळले असता त्याच्या मनाचे काय होते, हे ही स्तोत्रे दाखवतात. छळणारा केवळ दुःख देत नाही, तो दुसऱ्याला द्वेषाच्या वाटेवर ढकलतो. या अर्थाने सुरक्षित वाचकाने ही स्तोत्रे स्वतःच्या तोंडी घेण्याआधी स्वतःच्या कानी घ्यावीत. त्यातील 'मी' आपण आहोत की बाबेल, हा प्रश्न त्याने प्रथम विचारावा. बोलणाऱ्याची जागा जितकी महत्त्वाची, तितकीच ऐकणाऱ्याचीही आहे.

आणि संबोधन म्हणजे मान्यता नव्हे, हे योनाच्या पुस्तकावरून दिसते. निनवेला क्षमा झाल्याने योना संतापतो, आणि ईश्वर दयाळू व मंदक्रोध आहे हीच त्याची तक्रार असते. त्याच्या क्रोधासाठी काइनाच्या कथेतीलच क्रियापद येते, आणि काइनाशी बोलताना ईश्वराने योजलेला 'बरे करणे' या अर्थाचा धातू योनाला विचारलेल्या प्रश्नातही येतो: हे तुझे रागावणे बरे आहे काय? प्रथम योना काइनाप्रमाणेच निरुत्तर राहून नगराबाहेर जातो. दुसऱ्यांदा विचारल्यावर मात्र तो उत्तर देतो, आणि उर्मटपणे देतो. त्या उर्मट उत्तराने संवाद सुरू होतो. पुस्तक एक लाख वीस हजारांहून अधिक अजाण माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे यांविषयीच्या ईश्वराच्या प्रश्नावर संपते. योनाचे मन पालटले की नाही, ते सांगितलेले नाही. काइनाने जे नाकारले, ते योनाने केले, एवढेच. निनवे वाचली आणि योनाही वाचला.

प्रीतीच्या आज्ञेचा प्रश्नही याच प्रकाशात पाहावयास हवा. भावना आज्ञेने निर्माण होत नाही, म्हणून १७८५ साली कांटने शेजारप्रीतीच्या आज्ञेचा अर्थ कृतिरूप प्रीती असा लावला. निर्गमाच्या २३ व्या अध्यायात त्याला पूर्वाधार सापडतो: शत्रूचा चुकलेला बैल त्याच्याकडे परत न्यावा, द्वेष करणाऱ्याचे गाढव ओझ्याखाली पडले असता मदत करावी. द्वेष संपेपर्यंत थांबावे असे नियम म्हणत नाही. गाढव उचलणे ही मात्र दोघांनी मिळून करावयाची कृती आहे. ती करताना दोन शत्रूंना एकमेकांशी दोन शब्द बोलावेच लागतील.

७

या विवेचनातून ख्रिस्ती आचारासाठी काही निष्पन्न होत असेल, तर ते सांत्वनाच्या संदर्भात प्रथम तपासले पाहिजे. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ४ थ्या अध्यायातील पौलाचे वचन अंत्यविधीच्या वेळी शोकाला लगाम घालण्यासाठी वापरले जाते. पौल तेथे आशाहीनांप्रमाणे शोक करू नये असे म्हणतो. शोकच करू नये असे म्हणत नाही. इफिसकरांस पत्राच्या ४ थ्या अध्यायातही क्रोधाला मनाई नाही. सूर्यास्तापूर्वी त्याचा उलगडा व्हावा, अशी काळाची मर्यादा आहे. इब्री लोकांस पत्राचा लेखक येशूच्या प्रार्थना मोठ्या आक्रोशाने आणि अश्रूंनी केलेल्या होत्या, हे गौरवाने नोंदवतो. वधस्तंभावर येशूने २२ व्या स्तोत्राचा जो आरंभ उच्चारला, तो एक प्रश्न आहे आणि ज्याने टाकले असे वाटते, त्यालाच तो विचारलेला आहे.

क्षमेच्या संदर्भात ही गोष्ट अधिक निकडीची होते. अत्याचार सोसलेल्या व्यक्तीला क्षमेचा उपदेश त्वरेने करणारा, अनेकदा सद्‍हेतूनेच, अबशालोमाच्या जागी उभा असतो. तो तामारेला गप्प करतो आणि त्या गप्प करण्याला विश्वास हे नाव देतो. तिचा आक्रोश ऐकला गेला असता तर अम्नोनाला कदाचित न्यायाला सामोरे जावे लागले असते; तो दाबला गेला, म्हणून सुरीला सामोरे जावे लागले. क्षमा हे तक्रारीनंतरचे पाऊल आहे, तिच्या ऐवजी टाकावयाचे नव्हे. म्हणून ख्रिस्ती समुदायाचे पहिले नैतिक कर्तव्य दुखावलेल्याच्या भावनेचे नियमन करणे हे नसून तिला श्रोता मिळवून देणे हे ठरते.

मराठी ख्रिस्ती साहित्यात या समजुतीचा एक ठळक दाखला आहे. १८९५ साली पतीने बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाई टिळकांवर जे कोसळले, ते 'स्मृतिचित्रे' झाकत नाही. १९०० साली त्यांनी स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि तरीही अनेक वर्षांनंतर लिहिताना त्यांनी आपला राग, रडणे, रुसणे पूर्वायुष्यातील दोष म्हणून पुसून टाकले नाहीत. धर्मांतराच्या कथनात पूर्वीच्या भावना अंधार म्हणून दाखवण्याची सोय असते. ती त्यांनी नाकारली. त्या पुस्तकाचे साहित्यिक मोठेपण आणि त्याची धार्मिक सचोटी येथे एकच आहेत.

यिर्मयाच्या ३१ व्या अध्यायात राहेल आपल्या मुलांसाठी रडते आणि सांत्वन नाकारते. यिर्मयात तिला लगेच ईश्वराचे उत्तर मिळते: रडणे थांबव, मुले परत येतील. मत्तयाने बेथलेहेममधील बालहत्येच्या प्रसंगी हे वचन उद्धृत केले, आणि ते सांत्वन नाकारण्यापाशी थांबवले. पुढचे आश्वासन त्याने घेतले नाही, कारण ही मुले परत येणार नव्हती. ज्या मत्तयाने मार्काच्या येशूचा राग गाळला, त्यालाही या मातेचे रडणे आवरते घेणे शक्य झाले नाही. नव्या कराराच्या दुसऱ्याच अध्यायात ती असांत्वित उभी आहे, आणि तिला कोणी गप्प राहावयास सांगितलेले नाही.